मोटारीच्या तडकलेल्या बंपराची घरगुती दुरुस्ती

अवजारांची निगा व विहिरीवरील पंपांची दुरुस्ती या विषयांवर शेतकरी वाचकांस पुष्कळ वाचावयास मिळतें. मोटारगाडी मात्र या यादींतून बहुधा वगळली जाते. ती चैनीची वस्तु आहे, अशी समजूत त्याच्या मुळाशीं असावी. वास्तविक भाजीपाला बाजारांत नेणें, बीं-बियाणें व खतें आणणें, आजाऱ्यास तालुक्याच्या गांवीं पोंचविणें, हीं सर्व कामें आज अनेक शेतकरी कुटुंबांत घरची लहानशी मोटार करीत असते. तेव्हां तीही औतफाट्यांतच मोजली पाहिजे, व तिची निगाही औतफाट्याप्रमाणेंच राखली पाहिजे.

अशा गाडीवर पहिला घाव बसतो तो बंपरावर. चारीचा कांठ, गोठ्याची दगडी चौकट किंवा वाटेंत आडवें आलेलें जनावर एवढें निमित्त पुरतें, आणि प्लॅस्टिकाच्या बंपरास वीतभर भेग पडते. मग मालक तीन वाटांपैकीं एक धरतो. कोणी झटपट चिकटणाऱ्या डिंकाची नळी आणून भेगेंत ओततो. थोड्याच दिवसांत भेग पुनः उघडते. कोणी भोंकें पाडून ती तारेनें शिवून टाकतो. भेग खड्ड्याखड्ड्यागणिक पुढें सरकत राहते. कोणी त्रासून समोर लोखंडी गार्ड बसवून घेतो, आणि पैसे मोजून जिवाचा धोका विकत घेतो. या तिन्हींहून निराळी, घरच्या घरीं करतां येण्याजोगी व टिकाऊ अशी एक रीत आहे. ती समजावून देणें हा या लेखाचा हेतु होय. तिचें मर्म असें कीं, प्लॅस्टिकाचा सांधा कलमासारखा आहे. आंब्याचें कलम आंब्याच्याच रोपावर धरतें. त्याचप्रमाणें प्लॅस्टिकाचा सांधा त्याच जातीच्या प्लॅस्टिकानें, उष्णतेनें एकजीव केला तरच धरतो.

बंपराची रचना

पूर्वींच्या गाड्यांचे बंपर पोलादाचे असत. अँबॅसिडर व प्रीमिअर पद्मिनी या गाड्यांचे चकचकीत मुलाम्याचे बंपर पुष्कळांच्या स्मरणांत असतील. तें पोलाद वांकलें तर ठोकून सरळ करतां येई. पुढें प्लॅस्टिकाचें युग आलें. इटलींतील रसायनशास्त्रज्ञ जूलिओ नात्ता यांनीं १९५४ सालीं स्फटिकरूप पॉलिप्रॉपिलीन सिद्ध केलें, व १९६३ सालीं कार्ल झिग्लर यांच्यासमवेत त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. आज बहुतेक मोटारींचे बंपर याच पॉलिप्रॉपिलिनाचे असतात. नुसतें पॉलिप्रॉपिलीन थंडींत ठिसूळ होतें, म्हणून त्यांत ईपीडीएम नांवाचें रबर मिसळतात. आणि ताठपणा यावा, आकार टिकावा म्हणून शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्काची पूड घालतात.

बाहेरून आपण ज्यास बंपर म्हणतों तें खरें पाहतां केवळ आवरण असतें. त्याची जाडी साधारण ३ मिलिमीटर. त्याच्या मागें पुष्कळ गाड्यांत आघात शोषणारा फोमचा ठोकळा असतो, आणि त्याच्याही मागें सांगाड्यास बोल्टांनीं जखडलेला धातूचा आडवा दांडा असतो. टकरेचा खरा भार हा दांडा व त्यामागील भाग सोसतात. आवरण म्हणजे घराचा गिलावा, व दांडा म्हणजे तुळई. गिलाव्याची डागडुजी घरच्या माणसानें खुशाल करावी. तुळई कलली असेल तर मात्र सुतारास बोलावणेंच शहाणपणाचें.

कोणती दुरुस्ती घरीं करूं नये

म्हणून काम हातीं घेण्यापूर्वीं आवरण उतरवून मागचा दांडा नीट पाहावा. दांडा वांकला असेल, त्याचे बोल्ट जेथें बसतात तेथील पत्रा फाटला किंवा दुमडला असेल, अथवा बॉनेटाच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या नसतील, तर आघात आवरणापुरता नव्हता असें समजावें, व गाडी जाणत्या कारागिराकडे न्यावी. फोमचा ठोकळा चिरडला असल्यास तो जोडीत बसूं नये, नवा घ्यावा. चिरडून आघात जिरविणें हेंच त्याचें काम, व तें तो एकदांच करूं शकतो.

ज्या गाड्यांत एअरबॅग असतात, त्यांपैकीं पुष्कळांत आघाताची वर्दी देणारे संवेदक पुढील भागांतच बसविलेले असतात. त्यांस व त्यांच्या तारांस हात लावूं नये. अलीकडच्या कांहीं गाड्यांत अंतर मोजणारें रडार बंपराच्या आड असतें. त्याच्या समोरील भागावर जाळी, पुट्टी किंवा रंगाचे जाड थर चढले तर त्याचें मोजमाप चुकतें. तेवढा भाग घरीं मुळींच दुरुस्त करूं नये. तुकडा गहाळ होऊन तळहाताहून मोठी पोकळी पडली असेल, तर नवें आवरण घेणेंच बरें. बाकीच्या साध्या चिरा व बोल्टाजवळचे तुटलेले कान यांची दुरुस्ती मात्र घरीं चांगली होते.

प्लॅस्टिकाची जात ओळखणें

सात-बारा पाहिल्याखेरीज जमिनीचा व्यवहार करूं नये, हें कोणा शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. तोच नियम येथें लावावा. बंपराचा सात-बारा त्याच्या आंतल्या अंगावर ठशानें उमटविलेला असतो. दोन कोनाकृति चिन्हांच्या मध्यें इंग्रजी लिपींत पी पी हीं अक्षरें, मग अधिकाचें चिन्ह, मग ई पी डी एम, व शेवटीं टी हें अक्षर आणि आंकडा असें तें लिहिलेलें असतें. टी म्हणजे टाल्क, व आंकडा म्हणजे त्याचें शेंकडा प्रमाण. ए बी एस अशीं अक्षरें असल्यास जात निराळी; तिची रीत पुढें दिली आहे. पी सी अथवा पी बी टी असल्यास पट्टीही नेमकी त्याच मिश्रणाची लागते. पी यू आर, म्हणजे पॉलियुरेथेन असल्यास तें बहुधा वितळत नाहीं, करपतें. त्यावर उष्णतेची दुरुस्ती चालत नाहीं.

ठसा घासटून गेला असेल तर दोन कसोट्या आहेत. आंतल्या कांठाची खपली चाकूनें काढून, साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यांत बुडवून सोडावी. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकें, म्हणून तरंगतें, ए.बी.एस. जड, म्हणून तळाशीं जातें. परंतु ज्यांत टाल्क पुष्कळ आहे असें पॉलिप्रॉपिलीनही बुडूं शकतें. म्हणून ही कसोटी एकतर्फी समजावी: खपली तरंगली तर ए.बी.एस. खास नव्हे; बुडाली तर निर्णय राखून ठेवावा व दुसरी कसोटी घ्यावी. ॲसिटोनांत भिजविलेला कापूस आंतल्या बाजूस मिनिटभर दाबून धरावा. ए.बी.एस. असेल तर पृष्ठभाग मऊ व चिकट होतो. पॉलिप्रॉपिलिनावर कांहींच परिणाम दिसत नाहीं.

या दोहोंहून खात्रीची अशी शेवटची कसोटी म्हणजे प्रत्यक्ष कलम करून पाहणें. जी पट्टी सांध्यास वापरावयाची तिचें टोंक बंपराच्या आंतल्या, न दिसणाऱ्या कोंपऱ्यांत वितळवून लावावें, पुरतें थंड होऊं द्यावें व पकडीनें ओढावें. पट्टी तुटली पण सुटली नाहीं, तर जात जुळली. साल निघाल्यासारखी ती स्वच्छ सुटून आली, तर जात निराळी आहे असें समजून दुसरी पट्टी शोधावी.

डिंक कां धरत नाहीं

अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब ठरत नाहीं, तो घरंगळून जातो. पॉलिप्रॉपिलिनाच्या पृष्ठभागाचें असेंच आहे. तो मेणासारखा असल्यामुळें डिंक त्यावर नीट पसरत नाहीं व त्यास घट्ट धरीत नाहीं. झटपट चिकटणारा डिंक व दोन नळ्यांचें इपॉक्सी या दोहोंचीही येथें सारखीच गत होते. डिंक स्वतः कितीही बळकट असला तरी त्याची पकड दुबळी पडते. शिवाय बंपर लवचिक असतो व वाळलेला डिंक ताठ; गाडी हादरली कीं दोघांची फारकत होते. रंग कां सोलतो याचें कारणही हेंच आहे.

साहित्य

डाख देण्याचें विजेचें हत्यार, ज्यास बाजारांत सोल्डरिंग आयर्न म्हणतात, तें ४० ते ६० वॉटचें, शक्य तर चपट्या टोंकाचें, त्याच जातीच्या प्लॅस्टिकाच्या ४-५ मिलिमीटर रुंद पट्ट्या, स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी, ड्रिल व ३ मिलिमीटरचें पातें, ॲल्युमिनिअमची चिकटपट्टी, धारदार चाकू, पकड, आयसोप्रॉपिल अल्कोहोल व स्वच्छ फडकें, आणि १८० ते ४०० क्रमांकांचे पॉलिश पेपर. पट्ट्या विकत मिळतात. पण भंगारवाल्याकडील मोडक्या बंपरावर तोच ठसा असल्यास त्याच्याच पट्ट्या कापून घ्याव्या.

जागा मोकळी, वाऱ्याची व सिमेंटाची असावी. कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्यांत किंवा बंद खोलींत हें काम करूं नये. वितळत्या प्लॅस्टिकाचा धूर नाकांत जाऊं देऊं नये. साधें फडकें त्या धुरास अडवीत नाहीं, म्हणून वारा पाठीमागून येईल असें बसावें. मुलांस दूर ठेवावें.

कृति

पहिलें काम उतरविणें व धुणें. चावी काढून बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी व दहा मिनिटें थांबून मग दिव्यांच्या तारा सोडवाव्या. स्क्रू व क्लिपा ज्या क्रमानें निघतील त्या क्रमानें वेगवेगळ्या वाट्यांत ठेवाव्या. आवरण साबणानें धुऊन पुरतें वाळवावें व भेगेच्या दोन्ही बाजूंस हातभर अंतरापर्यंत अल्कोहोलानें पुसावें. घासण्यापूर्वीं पुसणें जरूर आहे. नाहींतर पॉलिशाचा तेलकटपणा घासण्याबरोबर आंत मुरतो.

दुसरें काम आकार आणणें. भाग आंत दबला असेल तर त्यावर कढत पाणी सावकाश ओतावें व हातमोजा घालून मागून दाबावें. पॉलिप्रॉपिलीन ऊब लागली कीं नमतें, व पुष्कळदां आपण होऊन मूळ आकारावर येतें. भेगेचे कांठ ताण न देतां एकमेकांस मिळाले पाहिजेत. ताणून जोडलेला सांधा उन्हाळ्यांत उकलतो.

तिसरें काम भेग थांबविणें. गोणपाट एकदां फाटूं लागलें म्हणजे फाटण्याच्या टोंकापाशीं सर्व ओढ एकवटते, व थोड्या हिसक्यानेंही तें पुढें फाटत जातें. भेगेचेंही तसेंच. म्हणून जेथें भेग संपते, नेमक्या त्या टोंकावर ३ मिलिमीटरचें भोंक पाडावें. गोल कडेवर ओढ वांटली जाते व भेग पुढें धांवत नाहीं. टोंक केसासारखें बारीक असतें, म्हणून भाग किंचित् वांकवून तें नीट शोधावें.

चौथें काम बाहेरून बांधणें. कांठ अगदीं समपातळींत आणून बाहेरच्या बाजूनें ॲल्युमिनिअमची पट्टी घट्ट चिकटवावी. मग आंतल्या बाजूनें आयर्नचें टोंक भेगेवर दर दोन-तीन सेंटिमीटरांस क्षणभर दाबून दोन्ही कांठ एकत्र वितळवावे. शिंपी कच्चे टांके घालतो तसाच हा प्रकार आहे.

पांचवें काम चर पाडणें. आंतल्या बाजूनें भेगेच्या संपूर्ण लांबीवर निमुळता चर पाडावा. त्याची खोली जाडीच्या निम्म्याइतकी असावी. चराच्या दोन्ही बाजूंस दीड-दोन सेंटिमीटर पृष्ठभाग घासून खरबरीत करावा.

सहावें काम भरणें, व हेंच मुख्य. पट्टीचें टोंक चरांत धरून आयर्ननें पट्टी व चराची भिंत दोन्ही एकाच वेळीं वितळवावीं. वरचें वितळलें व खालचें थंड राहिलें तर तो लेप झाला, सांधा नव्हे. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळतें. आयर्नचें टोंक त्याहून पुष्कळ अधिक तापलेलें असतें. म्हणून टोंक एके जागीं ठेवूं नये, सारखें हालवीत राहावें. प्लॅस्टिक तुपासारखें चकाकलें म्हणजे उष्णता बरोबर आहे. धूर निघूं लागला किंवा रंग तपकिरी झाला तर तें करपलें. तेवढा भाग खरवडून काढून पुनः भरावा, कारण करपलेलें प्लॅस्टिक ठिसूळ होतें.

सातवें काम जाळी बसविणें. भेगेहून दोन्ही टोंकांस दोन-तीन सेंटिमीटर अधिक लांब व तीन-चार सेंटिमीटर रुंद अशी जाळीची पट्टी कापून भेगेवर ठेवावी, व आयर्ननें दाबून प्लॅस्टिकांत बुडवावी. तिच्या छिद्रांतून वितळलेलें प्लॅस्टिक वर आलें पाहिजे. त्यावर आणखी एक थर द्यावा, म्हणजे जाळी झांकली जाईल. हें काम भिंतींतील सळईप्रमाणें आहे. कांहीं कारागीर जाळीऐवजीं हॉट स्टेपलर नांवाच्या यंत्रानें तापलेल्या नागमोडी पिना भेगेवर आडव्या बसवितात. त्या जाडीच्या निम्म्यापर्यंतच रुताव्या. बाहेरच्या अंगास टोंक दिसूं नये. बोल्टाजवळचे कान व आंतील अरुंद कोंपरे यांस पिना अधिक सोयीच्या पडतात.

नंतर आवरण तासभर तसेंच ठेवावें. घाईनें पाणी ओतून थंड करूं नये, त्यानें सांध्यांत ताण राहतो. थंड झाल्यावर सांध्याच्या दोन्ही बाजूंस धरून हलकेच वांकवावें. पांढरी रेघ उमटली किंवा बारीक कडकड ऐकूं आली, तर तेथें प्लॅस्टिक एकजीव झालेलें नाहीं. तेवढा भाग पुनः करावा.

ए.बी.एस.ची निराळी रीत

ए.बी.एस. ॲसिटोनांत विरघळतें, व या गुणाचा फायदा घेतां येतो. त्याच जातीचे बारीक तुकडे कांचेच्या बरणींत ॲसिटोनांत रात्रभर ठेवले म्हणजे मधासारखी लापशी होते. तीच चरांत थराथरानें भरावी. दर थर नीट वाळूं द्यावा. ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे. विडी, चूल व तापलेलें आयर्न यांच्याजवळ तें कधींही उघडूं नये.

बाहेरचें अंग व रंग

चिकटपट्टी काढल्यावर बाहेर बारीक रेघ दिसते. तेथें उथळ चर करून त्याच प्लॅस्टिकाचा एक हलका थर द्यावा व १८०, २४०, ३२०, ४०० या क्रमानें घासावें. पॉलिप्रॉपिलीन जोरानें घासलें तर त्यास लव सुटते. म्हणून हात हलका ठेवावा. काळे, खरबरीत, न रंगविलेले बंपर येथेंच सोडून दिले तरी चालतात.

रंग द्यावयाचा असल्यास प्रथम प्लॅस्टिकासाठींचा, अधेशन प्रोमोटर या नांवाचा प्रायमर लावावा. तो वगळला तर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. पुट्टीही लवचिक, प्लॅस्टिकासाठींचीच घ्यावी. पत्र्यावर वापरावयाची ताठ पुट्टी बंपरावर तडकते. त्यानंतर नेहमींचा प्रायमर, रंग व शेवटीं क्लिअरकोट, असे पातळ थर द्यावे. रंगाचा संकेतांक पुष्कळ गाड्यांत बॉनेटाखालील किंवा दाराच्या चौकटीवरील पट्टीवर असतो.

खर्चाचा हिशेब

महसुली दप्तरांत आयुष्य गेलेल्या माणसास हिशेबाखेरीज लेख पुरा झाल्यासारखा वाटत नाहीं. विमा आहे, मग दुरुस्तीची यातायात कशाला, असें पुष्कळजण म्हणतात. समजा, नव्या आवरणाची किंमत ६,००० रुपये व बसविण्याची मजुरी २,००० रुपये झाली. सर्वसाधारण विमापत्रांत प्लॅस्टिकाच्या भागांवर शेंकडा ५० घट धरतात. म्हणजे ३,००० रुपये आपल्या पदरचे. शिवाय १,५०० सी.सी.पर्यंतच्या खासगी मोटारीस दर दाव्यामागें १,००० रुपये स्वतः सोसावे लागतात. तेव्हां ८,००० पैकीं हातीं येतात ४,००० रुपये. आणि दावा न केल्याबद्दल स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर जी सूट मिळते, जी पहिल्या वर्षानंतर शेंकडा २० व पांचव्या वर्षानंतर शेंकडा ५० पर्यंत चढते, ती पुढील नूतनीकरणाचे वेळीं जाते. ज्यांनीं घट न धरण्याचें किंवा सूट राखण्याचें जादा कलम घेतलें आहे त्यांचा हिशेब निराळा. इतरांनीं मात्र लहानशा भेगेसाठीं दावा करण्यापूर्वीं कागद-पेन्सिल हातीं घ्यावी.

लोखंडी गार्डाविषयीं

बंपर वारंवार फुटतो म्हणून पुढें लोखंडी गार्ड बसविण्याची चाल खेड्यापाड्यांतून बोकाळली आहे. ती सर्वथा त्याज्य आहे. आवरण, फोम व दांडा यांनीं क्रमानें चिरडत आघात जिरवावा, अशी गाडीची योजना असते. ताठ गार्ड तो आघात थेट सांगाड्यांत पोंचवितें. एअरबॅगच्या संवेदकांचा अंदाजही त्यानें बिघडूं शकतो. आणि वाटेनें जाणारा माणूस त्यावर आपटला तर नमत्या प्लॅस्टिकाऐवजीं त्याच्या हाडांस लोखंड लागतें. तो माणूस बहुधा आपल्याच गांवचा असतो, हें विसरूं नये. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानें डिसेंबर २०१७ मध्यें अशा गार्डांविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांस कळविलें. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ चा त्यानें भंग होतो. वीतभर भेगेवर लोखंड हा उपाय नव्हे.

हीच विद्या इतरत्र

पॉलिप्रॉपिलिनाचे क्रेट, बादल्या व यंत्रांचीं झांकणें याच रीतीनें सांधतां येतात. पाण्याच्या काळ्या टाक्या मात्र बहुधा पॉलिएथिलिनाच्या असतात. हीं दोन प्लॅस्टिकें दिसण्यांत भावंडें, पण एकमेकांस नीट धरीत नाहींत. टाकीस टाकीच्याच जातीची पट्टी हवी. पाठीवरील फवारणी-पंपाची टाकी फुटली तर ती मात्र सांधूं नये, बदलावी. तेथें सांधा उकलला तर विष अंगावर सांडतें, आणि त्यापुढें टाकीची किंमत कांहींच नाहीं.

सारांश, बंपर तडकला तर प्रथम मागचा दांडा पाहावा, मग आंतला ठसा वाचावा, जातीस जात मिळवावी, भेगेचें टोंक थांबवावें, आणि लेप न देतां एकजीव सांधा करावा. पहिला प्रयत्न भंगारांतील तुकड्यावर करून हात बसवून घ्यावा व मगच आपल्या गाडीस हात घालावा. एका सुटीच्या दिवसांत होणारें हें काम आहे. तें मन लावून केलें असतां पदरचा पैसा वांचतो, आणि लोखंडी गार्डाचा मोह आवरला तर वाटेवरील माणसाचा जीवही सुरक्षित राहतो.